उघडं अस्वल

दादा, तुझ्या जलदान विधीचं जेवण उरकलं, माणसं हात धुऊन टेकली, आणि नायगावच्या आत्यानं कपाटावरचं ते अस्वल खाली काढलं. मांडीवर घेऊन उलटंपालटं करून बघितलं आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "आगं सुमन, याचे कपडे कुठं हायत?"

खोलीतले सगळे माझ्याकडं बघायला लागले. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, अस्वलं तू करतोस आणि कपडे मी शिवते. मी "राहिलेत," म्हणाले.

"मंग घाल की बाय. उघडं बरं दिसत न्हाई."

वहिनीनं मान खाली घातली. आणि मला, समोर तुझ्या फोटोला हार घातलेला दिसत असताना, क्षणभर खरंच वाटलं की आता तू आतल्या खोलीतून ओरडणार, "आत्या, अस्वल हाय ते! अस्वल उघडंच असतंय!"

कुणी ओरडलं नाही. आत कुणीतरी पातेली घासत होतं, तेवढाच आवाज.

निघताना मी ते अस्वल पिशवीत घालून नांदेडला माझ्या घरी आणलं. त्याचं पुढं काय झालं ते तुला सांगायचंय. दुसऱ्या कुणाला सांगू? लोकांना वाटतं, टेडीला कपडे घालायचे की नाही, हा काय बहीणभावानं एवढी वर्षं भांडायचा विषय झाला?

लोक टेडी म्हणायचे, तू कधीच म्हणाला नाहीस. लातूरला एसटीच्या कार्यशाळेत तू सीटा शिवायचास. फाटलेलं रेक्झिन काढायचं, आतला फोम बदलायचा, दाभणानं नवं रेक्झिन ताणून शिवायचं. हेच तुझं उभं आयुष्य. रिटायर व्हायच्या आधी एका गाडीत कुणाचं तरी पोर टेडी विसरून गेलं. न्यायला कुणी आलं नाही. बरेच दिवस ते खुंटीला लटकलं आणि मग तू ते घरी आणलंस. वहिनीचा मला घाबऱ्या घाबऱ्या फोन, "सुमनबाई, तुमचे दादा टेडी फाडून राहिले. काय करू?"

तू फाडत नव्हतास, उसवत होतास. सगळे तुकडे वर्तमानपत्रावर मांडून तू तसाच बसून राहिलास म्हणे. मी आले तेव्हा मला म्हणालास, "सीटच हाय ही सुमे. फक्त हिला तोंड हाय."

मग तुझं पहिलं अस्वल झालं. हातपाय फिरावेत म्हणून तू आतून नटबोल्ट आणि वायसर घातले होतेस. उचललं तर हे वजन! दुसरं बरं झालं, तिसरं आणखी बरं. शिवणीत अडकलेली लव टाचणीनं एकेक केस करून बाहेर काढायचास, म्हणजे जोड कुठं आहे ते शोधून सापडू नये. नाक काळ्या दोऱ्यानं भरायचास, आवडलं नाही की उसवायचास. वहिनी म्हणायची, लग्नाच्या वेळी माझ्याकडं एवढ्या डोळ्यांनी बघितलं न्हाई यांनी.

माझं ब्लाउजचं काम. चिंध्यांची पोती पडलेली. तुझं तिसरं अस्वल मला दिलंस तेव्हा मी आनंदानं त्याला हिरवा परकर-पोलका शिवला, काठाचा. पुढच्या वेळी तू आलास, चहा पिता पिता ते जवळ ओढलंस, पोलक्याची बटणं काढलीस, परकराची नाडी सोडलीस आणि दोन्ही कपडे नीट घडी करून माझ्या मशीनवर ठेवलेस.   तू गेल्यावर मी ते परत घातले.

भांडण असं सुरू झालं आपलं.

नांदेडच्या हस्तकला प्रदर्शनात हातानं केलेल्या टेडींची स्पर्धा असते, हे मीच तुला सांगितलं. पहिल्या वर्षी तू तुझं तपकिरी अस्वल तसंच घेऊन आलास. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, टेबलामागं ताठ उभा. परीक्षक बाई आल्या, वाकून बघितलं, चेहरा आवडला त्यांना.

"थीम काय आहे काका?"

"अस्वल."

"नाही, म्हणजे... संकल्पना?"

"अस्वलच हाय."

त्या हसल्या आणि पुढं गेल्या. बक्षीस गेलं डॉक्टर टेडीला. गळ्यात तपासायची नळी, डोळ्यांवर तारेचा चष्मा. त्याचा डावा कान सुटत आला होता. ते तू घरी येईपर्यंत मला सांगत होतास. "कान निघून राहिला त्याचा. कोटाची कॉलर वर करून झाकलंय. कपड्याचा हाच फायदा हाय सुमे, वाईट काम झाकतंय."

"आणि चांगलं काम कुणाला दिसलं? तुझ्यापुढं कोण थांबलं?" मी म्हणाले. "माणसाला गोष्ट लागते दादा. डॉक्टर, नवरी, पोस्टमन काहीतरी. नुसत्या अस्वलाकडं बघून माणसानं काय बोलायचं?"

"काय बोलायचं नसलं तर बोलू नये."

पुढच्या वर्षी तू माझं ऐकलंस. कंटाळून ऐकलंस, पण ऐकलंस. मी त्याला पाटील केला. पांढरं धोतर, काळा कोट, कोटाला खिसा, खिशात साखळी. डोक्याला केशरी फेटा. तो बांधायला मला अर्धा दिवस लागला होता, कारण तुझ्या अस्वलाचं डोकं सरळ बसतच नव्हतं, ते कायम थोडं एका बाजूला, ऐकत असल्यासारखं. मिशा लावल्या. पहिलं बक्षीस मिळालं आपल्याला. गर्दी झाली. एक गृहस्थ हात जोडून वाकले, "राम राम पाटील!" म्हणाले, आणि सगळा हॉल हसला. मीही हसले. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता दादा, की तुझ्याकडं बघायचं भानच राहिलं नाही.

बसस्टँडवर चहा घेताना तू बोललास.

"सुमे, फोटो काढायच्या टायमाला काय झालं, बघितलंस का?"

"काय झालं?"

"ते म्हणले, काका जरा बाजूला सरका, पाटील झाकले जायलेत. मी सरकलो. मीच केलेलं अस्वल, आन् मीच सरकलो. हात बांधून उभा राहिलो कडंला. मला कळलं बी न्हाई, हात कधी बांधले ते."

मी काहीतरी म्हणायला गेले, तू हातानं थांबवलंस. आणि मग ती शर्टाची गोष्ट सांगितलीस. एवढ्या वर्षांत कधी सांगितली नव्हतीस.

आई मोठ्या घरी कामाला जायची, दिवाळी झाली की गाठोडं घेऊन यायची. त्यातला निळ्या चौकड्यांचा शर्ट तुला आला. तू चौथीत. शाळेत त्या घरचा पोरगा सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्यो माझा शर्ट हाय. काढ." गुरुजी वर्गात होते. ते फळ्याकडं तोंड करून लिहीत राहिले. तू काढलास, घडी केलीस, त्याच्या हातात दिलास आणि उघडाच गावातून घरी आलास.

दादा, मला तो दिवस आठवतो. मी दारात खेळत होते, तू उघडा येताना दिसलास, थंडीचे दिवस होते. मला वाटलं, तू ओढ्यावर पोहून आलास. मला न सांगता गेलास म्हणून मी आईकडं तुझी चुगली पण केली. आई तुझ्याकडं बघत राहिली आणि चुलीकडं वळली. पंचेचाळीस-पन्नास वर्षं माझ्या डोक्यात ते पोहणंच होतं.

तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. "कपडे घातले की लोक इचारतात, ह्यो कोण? पाटील का गडी? कुणाचा? उघड्या अस्वलाला कुणी न्हाई इचारत. त्याला त्याची लव हाय. ती काढ म्हणून कोण म्हणणार हाय त्याला?"

माझ्या डोळ्यांत पाणी होतं, तरी मी भांडलेच. दुसरं मला येतच नव्हतं तुझ्याशी. म्हणाले, "म्हणून तर मी शिवते दादा. मापानं. नवं कापड, नवा दोरा. ज्याच्यासाठी शिवलं त्याचंच. कुणी काढ म्हणू शकत नाही असं. गाठोड्यातलं मी पण घातलंय. दुसऱ्या पोरीच्या मापाचं झंपर घालून मी मोठी झाले. माझ्या हातात कुणी उघडं आलं तर मी त्याला घालणारच."

तू चहाचे पैसे दिलेस. मग म्हणालास, "पाटील तरी करू नगंस." आणि गाडी लागली.

त्यानंतर आपण पाटील केला नाही. नर्स केली, कंडक्टर केला, शाळेत निघालेली मुलगी केली. दरवर्षी तू दोन अस्वलं करायचास, एक माझं, एक तुझं. माझ्या अस्वलाचे खांदे तू मुद्दाम एवढे घट्ट बसवायचास की बाही चढायची नाही. मग मी पाठीमागून उघडे झगे शिवायला लागले. मग तू मान आखूड केलीस, कॉलर बसू नये म्हणून. मी कॉलरच काढून टाकली. वहिनी म्हणायची, तुम्ही दोघं एकमेकाला अस्वलातून चिमटे काढून राहिलात. एकदा मी मफलरवर तडजोड सुचवली. तू विचार केलास, अस्वलाच्या गळ्याला हात लावून बघितलंस आणि म्हणालास, "मफलर म्हणजे बी कपडाच." झालं.

आणि दरवर्षी प्रदर्शनाच्या मॅडमना तू गाठायचास. "साध्या अस्वलाचा येगळा गट करा. शिवण बघा, भरण बघा, तोंड बघा. कपड्याशी त्याची लढाई कशाला लावता?" त्या हसून "बघू काका" म्हणायच्या. मलाही हसू यायचं. तू मात्र पुढच्या वर्षी पुन्हा तेच, तसंच, पहिल्यांदा सांगितल्यासारखं.

मग तुझ्या किडन्या गेल्या. लातूरच्या दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातले निम्मे दिवस तू त्या मशीनला जोडलेला आणि उरलेल्या दिवसांत थकून पडलेला. तरी अस्वल करायला घेतलंस. मधाच्या रंगाची लव, मीच हैदराबादहून मागवून दिली होती. वहिनी सुया ओवून उशीत टोचून ठेवायची. मी भेटायला आले की बघायचे, तोंड झालेलं असायचं, कान झालेले असायचे. नाक तू कितीदा उसवलंस ते वहिनीलाच ठाऊक. मी म्हणायचे, "दादा, राहू दे आता." तू म्हणायचास, "सीट अर्धी सोडून गाडी काढत न्हाईत."

मॅडमचा फोन मला आला तेव्हा मी दुकानात होते. "तुमच्या दादांना सांगा, यंदा साधा गट ठेवलाय." मी काम टाकून निघाले. फोनवर सांगता आलं असतं, पण मला तुझं तोंड बघायचं होतं.

तू हसलास. पांढऱ्या पडलेल्या ओठांनी, पण हसलास. "केला का शेवटी? हाव? बघ. मी म्हणलो नव्हतो का!" वहिनीला हाक मारून तिला परत सांगायला लावलंस. मग अस्वलाकडं बोट केलंस. तोवर त्याचं भरण झालं होतं आणि पाठ शिवून झाली होती. मी म्हणाले, "मग आता याला कपडे नकोत ना?"

मी तुला चिडवलं होतं दादा. तू भांडावंस म्हणून.

तू म्हणालास, "घाल न्हाईतर नको घालू. तुझी मर्जी."

आयुष्यात पहिल्यांदा. पोलक्याची बटणं सोडणारा तू, मफलरलाही नाही म्हणणारा तू, भिंतीकडं तोंड करून म्हणालास, तुझी मर्जी. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलवून जे सांगितलं ते नंतर. मला त्या दोन शब्दांत कळलं होतं. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन तुझ्या पायाशी बसले. आपण दोघं त्यानंतर अस्वलाबद्दल काही बोललो नाही. वहिनीनं मोसंबी सोलली होती, तू एक फोड खाल्लीस. पुढच्या आठवड्यात तू गेलास.

तर असं ते अस्वल माझ्याकडं आलं. माझी मर्जी.

मी त्याला पालथं घातलं, माप घ्यायला म्हणून, आणि पाठ बघितली. भरण झाल्यावर पाठ शेवटी बंद करतात, आतून आतून टाका घेऊन, दोरा दिसू न देता. तुझी पाठीची शिवण बोट फिरवूनही सापडायची नाही. ही सापडत होती. वरचे टाके ठीक होते. मग एक लांब, एक आखूड, एक पार बाजूला गेलेला. खाली खाली तर दोरा सरळ वर दिसत होता, लव त्यात अडकलेली, ती टाचणीनं काढायचं राहून गेलेलं. शेवटची गाठ केवढी मोठी होती. तुझा हात किती थरथरत असेल ते मला त्या शिवणीवर दिसलं. ते टाके मी बोटानं मोजल्यासारखे चाचपत बसले आणि मग मोठ्यानं रडले. दवाखान्यात रडले नव्हते, तुला नेलं तेव्हा नव्हते, तेव्हा रडले. समोरच्या दुकानातली शबानाआपा धावत आली. तिला काय सांगू? पाठ दाखवली. ती पण ब्लाउज शिवते, तिला कळलं. ती शेजारी बसून राहिली.

डोळे पुसल्यावर पहिला विचार आला, याला कपडे घालायचे. पूर्ण पाठीचा, लांब झगा. परीक्षकांना ही पाठ दिसता कामा नये. गौतम कांबळेचा हात गेला होता असं कुणी म्हणता कामा नये. मी कापड काढलं, पांढरी सुती मलमल, आणि सदरा शिवला. दादा, या वेळी बाही सहज चढली. खांदे घट्ट करायची ताकद तुझ्यात उरली नव्हती. सदरा छान बसला. मी अस्वल समोर ठेवलं आणि बघत राहिले. देखणं दिसत होतं. आणि तुझा शेवटचा महिना त्या सदऱ्याखाली गेला होता. वहिनीनं ओवलेल्या सुया, उसवलेलं नाक, डायलिसिसहून येऊन उशीला टेकून घेतलेला एकेक टाका, सगळं वाईट काम म्हणून मी झाकून टाकलं होतं.

वहिनीला फोन केला. विचारलं, "पाठ बघितलीस का तू त्याची?"

"बघितली की. म्या धरलं होतं ना अस्वल, ते शिवू लागले तवा."

"लोक नावं ठेवतील."

 "ठेवू द्या बाई. त्यांनी केलंय ते."

मी सदरा काढला. तू काढायचास तसाच, बटणं सोडून, घडी करून.

स्पर्धेला वहिनी लातूरहून आली. पांढरी साडी, हातात बांगड्या नाहीत, डोळे सुजलेले. साध्या गटाचं टेबल खिडकीजवळ होतं. मोजकीच अस्वलं होती. तुझं मधल्या जागी. लोक येत होते, थांबत होते, काही न बोलता बघत होते. ते बघायला तू हवा होतास. परीक्षक या वेळी नव्या होत्या, वयस्कर, बारीक चष्म्याच्या. त्यांनी आधी अस्वलाचा हात फिरवला, पाय फिरवले, कानामागं बघितलं, मान दाबली. नाकावर बोट ठेवून म्हणाल्या, "किती सुंदर भरलंय." मग पालथं केलं.

त्यांचं बोट शिवणीवरून खाली गेलं आणि गाठीवर थांबलं.

"पुढून एवढं सफाईदार काम," त्या म्हणाल्या, "आणि इथं असं का?"

 वहिनी बोलली. तुझी शांता, जी तुझ्या समोर चार माणसांत कधी तोंड उघडत नव्हती, ती म्हणाली, "तवा त्यांचा हात थरथरत होता."

"आता बरे आहेत का?"

"न्हाई."

बाईंनी अस्वल खाली ठेवलं. ठेवताना ते सरळ बसवलं, कलतं डोकं तसंच राहू दिलं.  बक्षीस मिळालं नाही आपल्याला. ते एका कॉलेजच्या मुलीला मिळालं, आणि तिचं काम खरंच चांगलं होतं दादा, तू बघितलं असतंस तर कान ओढून बघितले असतेस आणि मान डोलावली असतीस. मला वाईट वाटलं. थोडं नाही, बरंच वाटलं. वाटलं, मृत माणसाला एक तरी बक्षीस द्यायला काय जातंय. पण तुला तसलं बक्षीस चाललं नसतं, हेही मला माहीत आहे.

वहिनीला एकटीला पाठवावंसं वाटेना, म्हणून मीही तिच्याबरोबर लातूरच्या गाडीत बसले. अस्वल तिच्या मांडीवर. पिशवीत घालते म्हणाले, तर नको म्हणाली. लोहा गाव मागं गेलं. दुपार कलली होती, थंडीचे दिवस, आणि खिडकीची काच काही केल्या पुढं सरकेना. वारं आत येत होतं. वहिनीचा डोळा लागला. कितीतरी रात्रींची झोप होती ती. अहमदपूरच्या अलीकडं मी बघितलं, तिनं पदर सोडवून घेतला होता आणि अस्वलाच्या अंगावर ओढला होता, मानेपर्यंत. गाडीच्या धक्क्यानं तो घसरायचा, आणि ती झोपेतच, डोळे न उघडता, परत वर ओढून घ्यायची.

मी तिला उठवलं नाही. दादा, याला कपडे म्हणायचं का, ते तू सांग.